वसईचे धर्मग्राम

कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेतील सर्वांत खालचा आणि माणसाला सर्वांत जवळचा घटक म्हणजे पॅरिश. वसईच्या मराठीत त्याला धर्मग्राम म्हणतात. एका चर्चच्या घंटेखाली येणारी वस्ती, तिची शीव, तिचा प्रमुख धर्मगुरू, दप्तर, दफनभूमी आणि वर्षाचा सण एवढे सगळे या एका शब्दात सामावते. चर्चच्या कायद्याप्रमाणे बिशपाने नेमलेल्या धर्मगुरूच्या हाती सोपवलेला श्रद्धावंतांचा ठरावीक समुदाय म्हणजे पॅरिश; इमारतीचा त्या व्याख्येत उल्लेखही लागत नाही. वसईत मात्र समुदाय आणि गाव यांची गाठ इतकी घट्ट बसली, की काही गावांनी नावेच चर्चकडून घेतली. 'रेमेदियूस' म्हणजे आजारावर उतारा देणाऱ्या मातेच्या चर्चवरून रमेदी, आणि दयेची माता 'मर्सेस' हिच्यावरून मर्सेस.

या व्यवस्थेची सुरुवात १५३४ च्या तहापासून होते. गुजरातचा सुलतान बहादूरशहाने त्या वर्षी वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू आले. आंतोनियो दो पोर्तू हा त्यांच्यातला या भागात सर्वांत गाजलेला धर्मप्रचारक. मग जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आले. वसईच्या किल्ल्यात प्रत्येक संघाचे चर्च आणि मठ उभा राहिला. आज त्यांतल्या बहुतेकांच्या फक्त भिंती उरल्या आहेत. धर्मांतरात समजूत, सवलत आणि सक्ती तिन्ही होत्या. देवळे पाडली गेली, हेही त्याच इतिहासात आहे. सामवेदी (कुपारी), वाडवळ आणि कोळी समाजांतली कुटुंबे ख्रिस्ती झाली, पण शेती, वाडी, जाळे आणि बोली तशीच राहिली. कुपारी घरात आजही कादोडी बोलतात आणि वृद्ध बायकांचे लाल लुगडे चर्चच्या बाकांवर उठून दिसते. बदलली ती आडनावे. त्या पोर्तुगीज आडनावांनाही मराठी जिभेने वळण लावले: घोन्सालविस, लोपीस, दिब्रिटो, तुस्कानो.

पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या 'पाद्रुआदो' या अधिकारामुळे बिशप सुचवण्याचा मान राजाचा आणि चर्चे पोसण्याची जबाबदारीही राजाचीच होती. धर्मग्रामाला शिस्त दिली ती १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने. प्रत्येक धर्मगुरूने स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवाव्यात आणि लग्नाआधी तीन सणवारी चर्चमध्ये पुकारा करावा, असे तिने ठरवले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदीचीही भर घातली. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत घोषित झाला. तो याच पहिल्या पिढ्यांमधला.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज सैन्य आणि युरोपीय मठवासी निघून गेले. चर्चच्या मोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठा सरदारांबरोबर देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली येथे त्या आजही टांगलेल्या दिसतात. राजाश्रय एका फटक्यात संपला. राजाच्या खजिन्यावर उभी राहिलेली व्यवस्था खजिन्याबरोबरच मोडायला हवी होती. ती मोडली नाही.

याची कारणे साधी आहेत. नव्या सत्तेने ख्रिस्ती रयतेला उपासनेची मोकळीक ठेवली. सारा भरणारे कुणबी आणि वाडीवाले उठून जाणे कोणालाच परवडणारे नव्हते. युरोपीय पाद्री गेले तरी गोव्याच्या आर्चबिशपाच्या हाताखालचे देशी धर्मगुरू येत राहिले. फ्रेंच प्रवासी आंकतिल द्युपेराँ १७६० च्या सुमारास वसईशेजारच्या साष्टीतून गेला, तेव्हा मराठी अमलातही तिथे चर्चचे सण उघडपणे साजरे होत होते. सगळ्यांत मोठे कारण असे, की पूजेचा बराचसा भाग मुळातच चर्चच्या दाराबाहेर पसरलेला होता. आळीच्या तोंडाशी दगडी किंवा लाकडी क्रूस असे. संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्त्या लावायच्या, जपमाळ म्हणायची, लादाईन ही आळवणी गायची, शेवटी उकडलेले चणे वाटायचे. याला पाद्री लागत नाही. आळीतला एखादा वडीलधारा पुरे होतो. धर्मग्राम टिकवण्याचे श्रेय इतिहासकार सहसा मिशनऱ्यांना देतात. १७३९ नंतरच्या वसईपुरते तरी ते या क्रुसापुढे जमणाऱ्या बायाबापड्यांना द्यायला हवे.

पुढचे शतक अधिकाराच्या वादात गेले. गोव्याच्या पाद्रुआदोची चर्चे एकीकडे, थेट रोमच्या अखत्यारीतली दुसरीकडे, असा झगडा मुंबई परिसरात दीर्घकाळ चालला. १८८६ च्या करारानंतर पाद्रुआदोखालच्या या भागातल्या चर्चांसाठी दमणचा धर्मप्रांत निघाला. १९२८ मध्ये तो बरखास्त होऊन वसई मुंबईच्या आर्चबिशपाकडे आली. २२ मे १९९८ रोजी वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला. वसईतल्या पापडीचे कृपामातेचे चर्च त्याचे कॅथेड्रल झाले आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले.

वरचे मालक असे बदलत राहिले तरी धर्मग्रामाचा दिवस घंटेनेच बांधलेला राहिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रार्थनेची घंटा. कोणी वारले की वेगळ्या, सावकाश ठोक्यांची. ती ऐकून शेतातला माणूस हात थांबवतो आणि कोण गेले ते विचारतो. दफनभूमी चर्चला लागूनच असते. जागा मोजकी, म्हणून काही वर्षांनी जुनी कबर उकरून अस्थी बाजूला ठेवतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. आजोबा-नातू एकाच खड्ड्यात विसावतात, याचे कोणाला नवल वाटत नाही.

धर्मगुरूकडे पैशाच्या अडचणी घेऊन येणारेही कमी नसत. सावकारी व्याजातून वाडीवाल्यांना सोडवण्यासाठी मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये पापडीला सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. १९५५ मध्ये 'सुवार्ता' मासिक निघाले. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाखाली ते चर्चबाहेरच्या मराठी वाचकांपर्यंत पोचले. वसईची हिरवाई वाचवण्याच्या आंदोलनातही दिब्रिटो पुढे होते. २०२० मध्ये उस्मानाबादला ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) मोठा फरक केला. तोवर मिस्सा ही चर्चची मुख्य उपासना लॅटिनमध्ये होई. लोक ती ऐकत आणि मनात जपमाळ ओढत. परिषदेनंतर धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मराठीत मिस्सा करू लागला. १९८३ च्या चर्च कायद्याने प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती सक्तीची केली. पाळकीय समिती नेमायची की नाही, हे बिशपावर सोपवले. वस्त्यांनुसार लहान ख्रिस्ती समूह तयार झाले. त्यांच्या बैठकी घरोघरी होतात: शास्त्रवाचन, आजाऱ्यांची चौकशी, सणाच्या वर्गणीचा हिशेब. क्रुसापुढची आळी नव्या नावाने कागदावर आली, एवढेच.

दप्तराचे काम मात्र ट्रेंटने सांगितल्याप्रमाणेच चालते. वहीत ओळ घातली जाते: बाळाचे नाव, जन्मतारीख, स्नानसंस्काराची तारीख, आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, धर्मगुरूची सही. शेजारी रुंद समास कोरा सोडतात. वसईचा मुलगा आखातात किंवा कॅनडात गेला आणि तिथल्या चर्चमध्ये लग्नाला उभा राहिला, तरी स्नानसंस्काराचा दाखला त्याला याच वहीतून मागवावा लागतो. लग्न झाल्यावर तिथला धर्मगुरू उलट कळवतो आणि तारीख, जागा, वधूचे नाव त्याच समासात चढते.