जी तबकडी निघालीच नाही

धुळ्याला माझ्या आजोळी बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या होत्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. नारायण राजहंस लहानपणी जळगावात मेहबूबखाँकडे गाणे शिकले, एवढ्यावर मामा त्यांना खानदेशचेच समजत! मला मात्र त्या ऐकताना कधी न निघालेली एक तबकडी आठवते.

खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. दहा वर्षांत ती पदे सर्वतोमुखी झाली. आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी तेच नाटक मिळून केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. पदे ओळखीची, गळे मात्र दोन ढंगांचे: एक मधाळ, दुसरा तडफदार. कोण सरस ठरले यावर रसिक पुढे वर्षानुवर्षे भांडत राहिले. मला तो वाद पोरकट वाटतो. समोर तसा गवई उभा असताना कोणाची तान ठरल्या जागी थांबेल?

रंगलेला प्रयोग जसाच्या तसा मुद्रित करण्याची सोय तेव्हा नव्हती. पुढे तीन महिने भरण्याआधीच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस.