गणवेश आणि कोट

दक्षिण कॅरोलायना या अमेरिकेतील वसाहतीने १७४० साली एक कायदा केला. गुलामाने कोणते कापड अंगावर घालावे हे त्यात नमूद होते. जाडेभरडे, स्वस्तातले. त्याहून बरे वस्त्र दिसले तर ते काढून घेण्याचा अधिकार शिपायाला दिला होता. माणसाचे माणूसपण नाकारणारा प्रथम त्याच्या कपड्याला हात घालतो, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

शंभर वर्षांनंतर अमेरिकेत सचित्र साप्ताहिकांचे युग आले. 'हार्पर्स वीकली' १८५७ साली निघाले. मजकुराबरोबर छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून बॉक्सवुडच्या कठीण लाकडात चित्र उलटे कोरत. मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे बोल्टांनी जोडत आणि कोरण्यासाठी सुटे करून कारागिरांना वाटून देत. कोणाच्या वाट्याला आभाळ येई, कोणाच्या वाट्याला कोणाचा तरी कोट!

याच प्रकाशनसंस्थेने १८६७ साली 'हार्पर्स बझार' काढले. त्यात बर्लिनहून आलेली उंची पोशाखांची चित्रे असत. पुढच्याच वर्षी 'वीकली'त विन्स्लो होमरचे चित्र आले : लॉरेन्सच्या कापडगिरणीतून सुटलेले मजूर, बायका, पोरे, हातात जेवणाचे डबे. कापड विणणारे एका नियतकालिकात, मिरवणारे दुसऱ्यात.

पण खरा प्रश्न गोऱ्या मजुराच्याही खालच्या माणसाचा आहे. ४ जुलै १८६३ च्या अंकात 'वीकली'ने गॉर्डन नावाच्या, मालकाकडून पळून आलेल्या गुलामाची तीन चित्रे छापली. एकात चिंध्या. मधल्यात उघडी पाठ, चाबकाच्या वळांनी भरलेली. तिसऱ्यात उत्तरेच्या सैन्याचा गणवेश. ही चित्रे छायाचित्रांवरून कोरलेली होती. तिन्हींतला माणूस एकच होता का, याविषयी अभ्यासकांनी अलीकडे शंका घेतली आहे. साप्ताहिकाला मात्र चिंधीपासून गणवेशापर्यंतचा क्रम पुरेसा होता. त्याच वर्षी टॉमस नॅस्ट या चित्रकाराने गुलामीमुक्तीचे चित्र काढले. त्यात शेगडीभोवती बसलेले नीटनेटक्या कपड्यांतले काळे कुटुंब आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. त्याला वर्षही उलटले नव्हते, तोच १४ मार्च १८७४ ला त्याच नॅस्टचे, त्याच 'वीकली'त आणखी एक चित्र आले. स्थळ दक्षिण कॅरोलायनाचे विधिमंडळ. कोट घातलेले काळे प्रतिनिधी हातघाईवर आलेले, चेहरे विद्रूप केलेले; आणि अमेरिकेचे प्रतीक असलेली गोरी देवता त्यांना दटावते आहे.

गणवेशातला काळा चालला, कारण हुकूम गोऱ्याचा होता. कोट घालून कायदा करायला बसलेला काळा मात्र डोळ्यांत खुपला. अकरा वर्षांत चित्रकाराचा हात बदलला नव्हता, काळ्याची जागा बदलली होती. आणि राज्य तेच, कपड्याचा कायदा करणारे.

त्याच राज्याच्या १८६८ च्या घटनापरिषदेत काळ्यांचे बहुमत होते. तिने सर्वांसाठी सरकारी शाळांची तरतूद केली. नॅस्टच्या त्या चित्रात शाळा कुठेच नाही.