नाव ‘इंडियन’, नियम कोणाचे?

(१/५) इंडियन फुटबॉल असोसिएशन अर्थात आयएफए. नावावरून ही अखिल भारतीय संस्था वाटते; प्रत्यक्षात ती पश्चिम बंगालच्या फुटबॉलचा कारभार पाहते. स्थापना १८९३, कलकत्ता. शील्ड स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली, कलकत्ता लीग १८९८ मध्ये.

(२/५) २९ जुलै १९११. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवले. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. ही कथा सर्वश्रुत आहे. पुढची फारशी सांगितली जात नाही.

(३/५) या विजेत्या संघाला लीगच्या पहिल्या विभागात प्रवेश मिळाला तो थेट १९१५ मध्ये. तिथेही नियम असा, की भारतीय क्लब दोनच असावेत. दुसरी जागा आर्यन क्लबकडे गेली.

(४/५) १९२४ मध्ये ईस्ट बंगाल बढतीस पात्र ठरला आणि हाच नियम आडवा आला. वाद पेटला, मर्यादा उठली. १९२५ मध्ये ईस्ट बंगाल पहिल्या विभागात उतरला. अवघ्या नऊ वर्षांनी, १९३४ मध्ये, मोहम्मेडन स्पोर्टिंग हा लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

(५/५) १९११ चा विजय नव्वद मिनिटांत नव्हे, त्याहूनही कमी वेळात मिळाला होता. नियमावलीतील एक ओळ पुसायला मात्र १९२५ उजाडावे लागले. म्हणून खेळाचा इतिहास वाचताना अंतिम सामन्यांइतकेच संघटनांचे नियमही वाचावेत.