१ फेब्रुवारी १९७७ : तटरक्षक दलाचा उसनवारीचा श्रीगणेशा

भारतीय तटरक्षक दल १९७७ मध्ये आजच्याच दिवशी तात्पुरत्या स्वरूपात कामाला लागले. जेमतेम पंधरवड्यापूर्वी, १५ जानेवारीला, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचा पट्टा देशाच्या आर्थिक हक्कात आला होता. त्यातली मासळी आपली, हे कागदावर ठरले. पण परक्या ट्रॉलरना हुसकवायला जहाजे कुठली?

नौदलाने दोन फ्रिगेट आणि पाच गस्तीनौका देऊ केल्या. ‘कृपाण’ व ‘कुठार’ या फ्रिगेट म्हणजे १९७१ च्या युद्धात बुडालेल्या ‘खुखरी’ची भावंडे. बांधणी पाणबुड्या हेरण्यासाठी, आणि नौदलात राबून अठरा वर्षे झालेली. त्यांना मासेचोरांच्या मागे जुंपणे ही निव्वळ नड होती. स्वतंत्र दलाची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष के. एफ. रुस्तमजी जन्माने कामठीचे. समुद्राची चिंता वाहिली ती अशी नागपूरकडच्या माणसाने!

१९७८ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने दल कायम झाले. परदेशी नौकांच्या मासेमारीला वेसण घालणारा कायदा १९८१ चा. खास गस्तीसाठी आखलेले, चेतक हेलिकॉप्टर बाळगणारे ‘विक्रम’ मात्र मुंबईच्या माझगाव डॉकमधून १९८३ मध्ये दाखल झाले.