कॅक्स्टनच्या छापील प्रतीत नसलेली ओळ

आर्थर राजाची कथा मुळातून वाचायची तर कोणते पुस्तक घ्यावे, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा उत्तर देताना अडखळायला होते. जेफ्री ऑफ मॉनमथने ११३८च्या सुमारास ब्रिटनच्या राजांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. त्यात आर्थर आहे, मर्लिन आहे. पण गोलमेज नाही आणि लॅन्सलॉटही नाही. मेज ११५५मध्ये वास या नॉर्मन कवीने आणले. लॅन्सलॉट आणि राणी ग्विनिव्हिअर यांचे प्रेम त्यानंतर क्रेतिएँ द त्र्वाच्या फ्रेंच काव्यात आले. ज्याला आपण कथेचा गाभा समजतो, तो असा मागाहून भरलेला आहे. रामकथेचे अनेक पाठ ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

तरीही जुने ते अस्सल, नवे ते भेसळीचे, ही समजूत सुटत नाही. तिच्यासाठी टॉमस मॅलरीच्या ग्रंथाची हकीगत पाहावी. त्याने तो १४६९-७०मध्ये पूर्ण केला आणि १४८५मध्ये विल्यम कॅक्स्टनने छापला. पुढची साडेचारशे वर्षे मॅलरी म्हणजे कॅक्स्टनचा मॅलरी. १९३४ साली वॉल्टर ओकशॉट विंचेस्टर कॉलेजातल्या जुन्या पुस्तकांच्या बांधण्या तपासत होते, तेव्हा तिजोरीत त्यांना एक हस्तलिखित सापडले. ते मॅलरीचेच होते. त्यावरून सिद्ध केलेली यूजेन व्हिनावर यांची आवृत्ती १९४७मध्ये निघाली आणि कॅक्स्टनने किती कापले, जोडले, प्रकरणे पाडली ते उघड झाले. रोमवरच्या स्वारीचा भाग तर त्याने निम्म्यावर आणला होता.

मला मात्र एक लहानशी तफावत अधिक महत्त्वाची वाटते. आर्थरचे नाइट दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला शपथ घेतात. स्त्रियांना साहाय्य करावे, हे दोन्ही पाठांत आहे. हस्तलिखितात मात्र आणखी आहे: त्यांच्या हक्कांसाठी उभे राहावे, आणि त्यांच्यावर बळजबरी कधी करू नये. छापील प्रतीत हे शब्द नाहीत. ते कुणी गाळले, का गाळले, यावर तर्क करता येतील. पण बहुतेक अभ्यासक ज्या वॉरिकशरच्या सरदाराला या ग्रंथाचा लेखक मानतात, त्याच्यावरच १४५१मध्ये दरोडा, लूट आणि स्त्रीवरील बळजबरीचे आरोप ठेवले गेले होते. खटला अखेरपर्यंत चाललाच नाही. ग्रंथ त्याने कैदेत लिहिला, हे त्याच हस्तलिखितात तो स्वतः सांगतो.

हे कळल्यावर शपथेचे ते वाक्य पहिल्यासारखे वाचता येत नाही. आणि नंतरच्या कवी-कादंबरीकारांचे वाचनही बदलते. टेनिसनचा आर्थर १८५९च्या काव्यात मठात जाऊन पायांशी पडलेल्या राणीला लांबलचक उपदेश करतो (भाषा सुरेख, माणूस असह्य!). मॅलरीत ही भेटच नाही. मॅरियन झिमर ब्रॅडलीने १९८३मध्ये हीच कथा मॉर्गेनच्या तोंडून सांगितली, ती मला या शपथेशीच घातलेली हुज्जत वाटते.

टी. एच. व्हाइटची कादंबरी १९५८ची. तिच्या अखेरीस, शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री थकलेला आर्थर एका पोरसवदा सेवकाला समोर बसवून सारी कथा ऐकवतो आणि लढायला न थांबता घरी जा, ही गोष्ट सांभाळ, असे बजावतो. मुलगा वॉरिकशरचा आहे. त्याचे नाव टॉम.