तुमचा पब्लिक फोटो एआयने वापरला, तर डेटा कायदा मदतीला येईल का?

२०२५ मध्ये आधी घिबली स्टाइल फोटोंची लाट आली, मग रेट्रो साडीतल्या फोटोंची. अनेकांनी एआय ॲपला आपला फोटो दिला आणि तयार झालेला फोटो इन्स्टाग्रामवर पोस्ट केला. आपल्याला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. कायद्याच्या नजरेत मात्र त्यांत मोठा फरक आहे.

कायदा कोणता?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा (डीपीडीपी) मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७.

तुम्हाला काय मिळेल?

फोटो ॲपला देताना कंपनीने तुमची संमती घ्यायला हवी. डेटा कशासाठी घेतोय हे सांगायला हवं आणि ही सूचना मराठीतही वाचण्याचा पर्याय द्यायला हवा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. डेटा दुरुस्त करा किंवा पुसा, असंही तुम्ही सांगू शकता. सुरक्षेत हयगय झाली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा पैसा सरकारी तिजोरीत जातो, तुम्हाला भरपाई म्हणून मिळत नाही.

मग पेच कुठे आहे?

कलम ३ मध्ये. तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेल्या डेटाला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे पब्लिक अकाउंटवरचा तुमचा फोटो एखाद्या कंपनीने एआयला शिकवण्यासाठी उचलला, तर या कायद्याखाली संमतीचा प्रश्नच येत नाही. मित्राने तुम्हाला न विचारता टाकलेला फोटो या सवलतीत बसत नाही, कारण तो तुम्ही सार्वजनिक केलेला नाही.

लहान मुलांचं काय? १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. पण कायद्याच्या व्याख्येत मुलाच्या डेटाबाबत पालकही त्याच्या जागी धरले जातात. त्यामुळे आईवडिलांनीच बाळाचा फोटो पब्लिक ठेवला, तर तोही संरक्षणाबाहेर जातो, असा अर्थ निघतो.

इतर देशांत काय होतं?

क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीने इंटरनेटवरचे फोटो गोळा करून चेहरे ओळखणारी यंत्रणा उभी केली. नेदरलँड्सच्या नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये तिला ३.०५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. युरोपच्या कायद्यात फोटो पब्लिक आहे एवढ्यावर कंपनीची सुटका होत नाही.

तोवर काय करता येईल?

एआय मॉडेल एकदा शिकलं, की त्यातून एका व्यक्तीचा डेटा वेगळा काढणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड असतं. म्हणून काळजी आधीच घेतलेली बरी:

- अकाउंट प्रायव्हेट करा, निदान मुलांचे फोटो तरी पब्लिक ठेवू नका.
- तुमचा डेटा एआय ट्रेनिंगला न देण्याचा पर्याय ॲपच्या सेटिंगमध्ये असेल, तर तो निवडा.
- आधार, पॅन किंवा मेडिकल रिपोर्टचे फोटो चॅटबॉटला देऊ नका.

थोडक्यात, ॲपला दिलेल्या फोटोवर तुमचा हक्क मागता येईल. जगाला दाखवलेल्या फोटोबाबत आपला कायदा अजून गप्प आहे.