खिशातले आणि खोगिरावरचे

आमच्या शाळेची सहल ठरली म्हणजे सामानाची यादी करण्याचे काम माझ्या गळ्यात पडते, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडते. दोर, कंदील, काड्यापेट्या, डाळतांदूळ, आयोडिनची बाटली... कागदावरची सहल फार सुरेख होते. तिथे पाऊस पडत नाही, कोणाचा पाय मुरगळत नाही आणि कोणी हरवतही नाही. पण ‘काड्यापेट्या’ या शब्दापाशी आलो की माझी लेखणी दर वर्षी क्षणभर थांबते. मला ट्रुमन एव्हर्ट्‌स आठवतो.

अमेरिकेतल्या मोंटाना प्रांतात हेलेना नावाचे गाव आहे. सोन्याच्या खाणीपायी वसलेले. १८७० च्या उन्हाळ्यात तिथल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी दक्षिणेकडच्या यलोस्टोन सरोवराची सफर आखली. तिथे जमिनीतून उकळते पाणी आभाळात उडते, असे शिकारी सांगत आणि ऐकणारे हसत. आदल्याच वर्षी फोल्सम, कुक आणि पीटरसन हे तिघे छत्तीस दिवसांत तो मुलूख पाहून आले होते, त्यामुळे उत्साहाला उधाण आले. नावे दिली सुमारे वीस जणांनी. मग क्रो जमातीच्या स्वारांची बातमी आली आणि एकेक नाव गळू लागले. ज्याने पुढारीपण करायचे त्या जेम्स स्ट्युअर्टला न्यायालयाने पंच म्हणून बोलावून घेतले. अखेर उरले नऊ. सहलीच्या वर्गणीची वही सांभाळणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

१७ ऑगस्टला ही मंडळी निघाली. मोजणीखात्याचे प्रमुख हेन्री वॉशबर्न हे नायक. लँगफर्ड, हेजेस वकील, हाउसर पेढीवाले आणि इतर सोबतीला. एलिस ठाण्यावर लेफ्टनंट डोन आणि पाच शिपाई येऊन मिळाले. दोघे सामान लादणारे आणि न्यूट व जॉनी हे दोघे काळे आचारी धरून एकूण एकोणीस माणसे. बाकी सर्वांची आडनावे इतिहासाने जपली. सर्वांना जेवू घालणाऱ्या या दोघांची जपली नाहीत. आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. डोनच्याच पलटणीने त्या वर्षीच्या जानेवारीत मरायस नदीकाठी पीगन लोकांच्या तळावर गोळीबार करून पावणेदोनशेच्या आसपास माणसे मारली होती. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे. कोणी कोणाला भ्यायचे, हा प्रश्न वाचकांनीच सोडवावा.

तयारी मात्र चोख होती. चाळीसच्या आसपास घोडी-खेचरे, महिनाभराचा शिधा, सर्वांना पुरेल असा एक मोठा तंबू, बंदुका, होकायंत्रे, तापमापक. रात्रीचे पहारे वाटून दिलेले. एका रात्री पहाऱ्यावरच्या लँगफर्ड आणि हेजेस यांनी सकाळच्या न्याहारीसाठी ठेवलेले पक्षी भाजून खाल्ले, आणि आळ आला बरोबरच्या बिचाऱ्या कुत्र्यावर! डोनच्या अंगठ्याला नखुरडे होऊन त्याची झोप उडाली, तेव्हा लँगफर्डनेच चाकूने ते चिरले. इथवर सगळे सहलीसारखेच.

सरोवर आले आणि रंग पालटला. हे पाणी आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही दोन हजारांवर फूट उंच आहे. भोवती उंच, सडपातळ पाइनचे दाट रान. वादळाने पाडलेली खोडे एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली, जणू जळणाची मोळी कोणी सोडून विसकटून दिली आहे. ओझ्याची जनावरे दोन झाडांच्या मध्ये अडकत. ती सोडवायची, ओझे पुन्हा बांधायचे, की पुढच्या झाडापाशी तोच खेळ. मग ज्याला जिथे फट दिसेल तिथून तो आपला घोडा काढी. अशाने माणसे पांगत, आणि संध्याकाळी तळावर एकत्र येत.

९ सप्टेंबरच्या संध्याकाळी एव्हर्ट्‌स आला नाही. वय चोपन्न, नजर अधू, सरकारी करखात्यातली नोकरी नुकतीच गेलेली. पहिली रात्र त्याने एकट्याने पण निर्धास्त काढली. घोडा होता, घोंगड्या होत्या, बंदूक होती. दुसऱ्या दिवशी वाट पाहण्यासाठी तो खाली उतरला आणि नेहमीच्या सवयीने घोडा मोकळाच सोडून चार पावले पुढे गेला. घोडा कशाला तरी बुजला. एव्हर्ट्‌सने मागे वळून पाहिले तेव्हा तो झाडांत दिसेनासा होत होता. घोंगड्या, बंदूक, पिस्तुले, मासे धरायचा गळ, काड्या, सारे खोगिरावर. अंगावर उरले कपडे, दोन चाकू आणि नाटक पाहायची लहानशी दुर्बीण. पुढे चाकूही हरवले.

आपल्या भाषेत घोड्याच्या बंधनांना केवढी शब्दसंपत्ती आहे! अगाडी, पिछाडी, पायबंद, मेख. मोतद्दाराच्या हाताखालून गेलेल्या भाषेने शिकलेली ही अक्कल आहे. एव्हर्ट्‌सला हातभर दोरी पुरली असती.

मग सदतीस दिवस. आपल्या उत्कंट्याच्या जातकुळीतले एक काटेरी झाड तिथे उगवते. त्याचे मूळ खाऊन तो जगला. एका रात्री डोंगरी सिंहाच्या भयाने झाडावर बसून राहिला. बर्फ पडू लागले तेव्हा गरम झऱ्यांच्या कडेला पडून राहिला. त्याच पाण्यात मुळे शिजवी, आणि तिथलीच पातळ भुई खचून त्याची मांडी भाजली; पाय आधीच थंडीने फुटलेले. विस्तवाची युक्ती बऱ्याच दिवसांनी सुचली. ऊन पडले तेव्हा दुर्बिणीच्या भिंगातून त्याने ठिणगी पाडली. पुढे भ्रम होऊ लागले. ओळखीचे एक वृद्ध धर्मोपदेशक समोर येऊन ‘आल्या वाटेने परत जा’ असे सांगत, आणि हा ऐके.

सोबत्यांनी बेपर्वाई केली असे म्हणवत नाही. त्यांनी बार काढले, डोंगरावर जाळ केले, ठिकठिकाणी शिधा ठेवला. बर्फ आणि सरत आलेला शिधा यांनी त्यांना हलवले. तरी जिलेट दोन शिपायांसह मागे राहून आणखी शोधत होता. बाकीचे परतीच्या वाटेवर १८ सप्टेंबरला त्या प्रसिद्ध कारंज्यापाशी पोचले आणि त्याला ‘ओल्ड फेथफुल’ हे नाव देऊन गेले. दीड वर्षाने, १ मार्च १८७२ रोजी, तो सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. पुस्तकांतून सफर आठवते ती त्यासाठी.

१६ ऑक्टोबरला जॅक बॅरोनेट आणि जॉर्ज प्रिचेट हे दोघे शोधीत निघाले असता उतारावर काहीतरी सरपटताना दिसले. बॅरोनेटला वाटले, अस्वल आहे. जवळ गेला तर माणूस. चिवट मुळांनी पोट बंद झालेले होते. एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने अस्वलाची चरबी पाजली तेव्हा कुठे ते मोकळे झाले.

मित्रांनी सहाशे डॉलरांचे बक्षीस लावले होते. एव्हर्ट्‌स जिवंत सापडला तर आता त्यानेच ते द्यावे, असे मित्रांचे म्हणणे पडले. आणि मी माझा बाहेर पडलोच असतो, असे एव्हर्ट्‌सचे, असे सांगतात. बॅरोनेटला पैसे मिळाले नाहीत. एव्हर्ट्‌सने १८७१ साली मासिकातून आपली कहाणी छापली, त्याचे नाव एका डोंगराला मिळाले (सापडला तो नव्हे, काही मैलांवरचा दुसराच), आणि त्या काटेझाडालाही. पंच्याहत्तराव्या वर्षी त्याला मुलगा झाला. १९०१ साली तो वारला, तेव्हा ते पोर नऊदहा वर्षांचे होते.